ऑनलाइन शिक्षण मंच आणि कॉलेजचं पोर्टल: विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेश सुरू झाले की आणि परीक्षेचे फॉर्म निघाले की कॉलेजच्या संगणक मदत-कक्षापुढे ठरावीक प्रश्नांची रांग लागते. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. लिहिताना महाराष्ट्रातल्या संलग्न आणि स्वायत्त कॉलेजांतले पदवी-पदव्युत्तर विद्यार्थी डोळ्यांसमोर आहेत. विद्यापीठागणिक नियम थोडेफार बदलतात, म्हणून शेवटचा शब्द तुमच्या परीक्षा विभागाच्या परिपत्रकाचा.

मूडल, गूगल क्लासरूम, स्वयम आणि कॉलेजचं पोर्टल हे सगळं एकच नाही का?

नाही, आणि बहुतेक गोंधळाचं मूळ इथेच आहे. मूडल, गूगल क्लासरूम, कॅनव्हास ही वर्गाची सॉफ्टवेअर. तिथे नोट्स, असाइनमेंट, क्विझ आणि शिक्षकांचे शेरे असतात. स्वयम, एनपीटीईएल, कोर्सेरा, ईडीएक्स हे खुले मंच. तिथे कॉलेजबाहेरचे प्राध्यापक शिकवतात आणि कोर्स तुम्ही निवडता. कॉलेजचं किंवा विद्यापीठाचं पोर्टल म्हणजे प्रवेश, फी, हजेरी, परीक्षा फॉर्म, हॉल तिकीट आणि निकाल यांचं दप्तर. एमकेसीएलची (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची) ‘डिजिटल युनिव्हर्सिटी’ प्रणाली राज्यातल्या अनेक विद्यापीठांनी वापरली आहे. अलीकडे दिल्ली विद्यापीठात तयार झालेलं, केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचं ‘समर्थ’ही राज्यात येऊ लागलं आहे. खासगी कंपन्यांची पोर्टलं तर कित्येक.

शिकणं पहिल्या दोन ठिकाणी होतं. तुम्ही विद्यार्थी आहात, अमुक विषयात पास झालात, ही नोंद मात्र तिसऱ्या ठिकाणी राहते. इकडची माहिती तिकडे आपोआप जाते असं गृहीत धरू नका. बहुतेक कॉलेजांत ती नेणारं कुणीतरी माणूस असतं, आणि त्या माणसापर्यंत तुमचा कागद वेळेत पोहोचला का, हे पाहण्याचं काम सध्या तरी विद्यार्थ्यावर येऊन पडतं. ते पडू नये असं मला मनापासून वाटतं. पण तोवर खालची प्रत्येक गोष्ट या एका फरकाकडे लक्ष ठेवून वाचा.

मूडल चांगलं की गूगल क्लासरूम?

निवड तुमच्या हातात नसते, ती कॉलेज करतं. तरी विद्यार्थी प्रतिनिधींना मत विचारलं जातं, म्हणून सांगतो.

मूडल ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात मार्टिन डूगियामस यांनी सुरू केलं. पहिली आवृत्ती ऑगस्ट 2002 मध्ये आली. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, परवान्याचे पैसे पडत नाहीत. पण सर्व्हर लागतो, आणि तो सांभाळणारा जाणकार माणूस लागतो. तो माणूस नसेल तर परीक्षेच्या सकाळीच साइट बसते आणि दोष मूडलला लागतो. त्याची ताकद क्विझमध्ये आहे. प्रश्नपेढी करता येते, प्रत्येकाला वेगळे प्रश्न देता येतात, गणितात आकडेसुद्धा बदलून देता येतात. घटक चाचणी, प्रात्यक्षिक, असाइनमेंट यांना वेगवेगळा भार देऊन अंतर्गत गुण काढता येतात. मोबाइल ॲपमध्ये धडे उतरवून नेट नसताना वाचता येतात.

गूगल क्लासरूम 2014 मध्ये आलं. शिक्षकाला पाच मिनिटांत वर्ग उभा करता येतो, कोड दिला की मुलं आत. फाइल ड्राइव्हवर राहतात, सर्व्हरची काळजी नाही. पण गुणांचा हिशेब आणि चाचण्यांची विविधता मूडलइतकी नाही.

माझं मत विचाराल तर अभियांत्रिकी, विज्ञान, फार्मसी अशा दर आठवड्याला चाचण्या असणाऱ्या अभ्यासक्रमांना मूडल घ्यावं. कला-वाणिज्य शाखेच्या छोट्या कॉलेजात, जिथे संगणक विभागात एकच माणूस आहे, तिथे क्लासरूम बरं. मोडकं मूडल कुणाच्याच कामाचं नाही. परदेशी शिकायला जाणाऱ्यांना तिथे बहुधा कॅनव्हास किंवा ब्लॅकबोर्ड भेटेल. मूडलची सवय असेल तर त्यांना हात बसायला वेळ लागत नाही.

असाइनमेंट अपलोड केली होती, पण मॅडमना दिसत नाही. असं का?

बहुतेक वेळा फाइल चढलेली असते, पण जमा झालेली नसते. मूडलमध्ये शिक्षकांनी तशी सेटिंग ठेवली असेल तर फाइल चढवून ‘सेव्ह’ केल्यावर ती फक्त कच्ची प्रत म्हणून राहते. खाली ‘सबमिट असाइनमेंट’चं वेगळं बटण असतं. ते दाबून, पुढच्या पानावर होकार दिला की जमा. क्लासरूममध्येही तसंच: फाइल जोडून भागत नाही, ‘टर्न इन’ दाबावं लागतं. जमा झाल्यावर पानावरची स्थिती बदलते. वेळ आणि तारीख दिसेल असा त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा. शिक्षकांशी बोलताना तो हाताशी असला की वाद होत नाही.

आणखी एक. वहीचे फोटो एकेक करून चढवू नका, सगळ्यांची मिळून एक पीडीएफ करा आणि फाइलच्या नावात रोल नंबर टाका. साठ-सत्तर जणांच्या ‘आयएमजी’ नावाच्या फाइल तपासणाऱ्या शिक्षकाची अवस्था तुम्हाला कळेल.

स्वयमवर कोर्स पूर्ण केला. गुण आपोआप मार्कशीटवर येतात का?

येत नाहीत. या प्रश्नाचं उत्तर सविस्तर वाचा, कारण सत्र वाया जाण्याचे सर्वांत जास्त प्रसंग मी इथेच पाहिले आहेत.

स्वयम हा केंद्र सरकारचा मंच जुलै 2017 मध्ये सुरू झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून घ्यायला विद्यापीठ परवानगी देऊ शकतं. 2016 च्या नियमांत ही मर्यादा 20 टक्के होती. ‘देऊ शकतं’ हे शब्द नीट वाचा. कोणते कोर्स चालतील ते विद्यापीठाची विद्या परिषद आणि तुमचं कॉलेज ठरवतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कॉलेजची यादी, मग विभागप्रमुखांची लेखी संमती, मग स्वयमवर नाव. उलट क्रमाने गेलेल्यांना प्रमाणपत्र मिळतं, क्रेडिट (पदवीच्या हिशेबात धरले जाणारे श्रेयांक) मिळत नाही.

दुसरी अडचण परीक्षेची. कोर्सला नाव नोंदवणं मोफत आहे, पण परीक्षेची नोंदणी वेगळी असते, तिला फी असते आणि तिची मुदतही वेगळी असते. कोर्स चालू आहे म्हणजे परीक्षेला नाव आहेच असं समजून बसणारे दर सत्रात भेटतात. एनपीटीईएलचे कोर्स आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक चालवतात आणि त्यांची परीक्षा एनपीटीईएल स्वतः घेतं. स्वयमवरच्या इतर बऱ्याच कोर्सची परीक्षा एनटीए (राष्ट्रीय चाचणी संस्था) घेते. दोन्हींची वेळापत्रकं वेगळी, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. तुमच्या विद्यापीठाचा पेपर त्याच दिवशी येतो का, हे नोंदणीआधीच पाहा.

गुणांचा हिशेब एनपीटीईएलच्या उदाहरणाने सांगतो. शंभरपैकी 25 गुण असाइनमेंटचे, 75 परीक्षेचे. 12 आठवड्यांच्या कोर्समध्ये दर आठवड्याच्या असाइनमेंटपैकी सर्वोत्तम 8 धरतात. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये 25 पैकी किमान 10 आणि परीक्षेत 75 पैकी किमान 30 लागतात, दोन्ही स्वतंत्रपणे. परीक्षेत 60 मिळवले पण असाइनमेंट सोडून दिल्या, तर हाती काही येत नाही. 12 आठवड्यांचा कोर्स साधारण 3 क्रेडिटचा धरतात.

निकाल लागला की प्रमाणपत्राची प्रत कॉलेजच्या स्वयम समन्वयकाकडे अर्जासह द्या आणि पोच घ्या. मग पुढच्या मार्कशीटवर तो विषय आला का ते बघा. आला नसेल तर त्याच महिन्यात विचारा. वर्षभराने विचारलं तर जुन्या निकालात दुरुस्ती करावी लागते, आणि ती फाइल विद्यापीठापर्यंत जाऊन यायला वेळ खाते.

एबीसी आयडी आणि अपार आयडी म्हणजे काय? माझं नाव जुळत नाही असं येतंय.

ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स (एबीसी) ही तुमच्या क्रेडिटची खातेवही. आयोगाने तिचे नियम जुलै 2021 मध्ये काढले. क्रमांक 12 अंकी असतो, डिजिलॉकरमधून काढता येतो, आणि आता तोच अपार या नावाने ओळखला जातो. कॉलेज बदललं किंवा मध्येच शिक्षण थांबवून परत आलात, तर आधी कमावलेली क्रेडिट इथून पुढे नेता येतात. ती साधारण सात वर्षं ग्राह्य असतात. या खात्यात तुम्ही स्वतः काही भरू शकत नाही, क्रेडिट जमा करतं ते विद्यापीठ.

नावाचा घोळ आपल्याकडे फार होतो आणि त्याचं कारण साधं आहे. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आपल्या राज्यात आडनाव आधी येतं: पाटील स्नेहल राजेंद्र. आधारवर तेच स्नेहल राजेंद्र पाटील. कॉलेजच्या पोर्टलमध्ये प्रवेशाच्या वेळी कुणी आडनावाचा रकाना रिकामा ठेवून तिन्ही शब्द पहिल्या रकान्यात टाकलेले असतात. कुणाच्या ‘स्नेहल’च्या इंग्रजी स्पेलिंगला शेवटी ‘ए’ असतो, कुणाच्या नसतो. वडिलांचं नाव एका जागी पूर्ण, दुसऱ्या जागी फक्त आद्याक्षर. माणसाला हे एकच नाव वाटतं, सॉफ्टवेअरला तीन वेगळी माणसं. लग्नानंतर आडनाव बदलून आधार अद्ययावत केलेल्या विद्यार्थिनींना तर हा त्रास ठरलेलाच.

काय करायचं? दहावीची मार्कशीट पाया धरा, कारण पुढची जवळजवळ सगळी कागदपत्रं तिच्यावरून होतात. आधारवर स्पेलिंग चुकलं असेल तर आधार केंद्रावर दुरुस्त करून घ्या आणि मग डिजिलॉकर पुन्हा जोडा. पोर्टलवर चूक असेल तर कॉलेजच्या ऑफिसात दहावीच्या मार्कशीटची प्रत लावून दुरुस्तीचा अर्ज द्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची किंवा विवाह नोंदणीची प्रत लागेल. हे सगळं पहिल्या वर्षातच उरका. शेवटच्या सत्रात पदवी प्रमाणपत्राच्या तोंडावर हे करताना मुलींचे रडवेले चेहरे पाहणं फार जड जातं.

कोर्सेरा, ईडीएक्स, उडेमीच्या प्रमाणपत्राला क्रेडिट मिळतं का?

सहसा नाही, कॉलेजने लेखी मान्य केलं असेल तरच. कोर्सेरा आणि ईडीएक्स दोन्ही 2012 चे, त्यांच्यावर मोठ्या विद्यापीठांचे कोर्स आहेत आणि कौशल्य म्हणून त्यांना मोल आहे. उडेमीवर कुणीही शिकवू शकतं, त्यामुळे दर्जा शिक्षकागणिक बदलतो. पैसे भरण्याआधी कोर्सेरावर आर्थिक मदतीचा अर्ज करून पाहा. रिझ्युमेवर दहा प्रमाणपत्रांपेक्षा त्या कोर्समध्ये तुम्ही तयार केलेला एक चालता प्रकल्प जास्त बोलतो.

एका ॲपवाल्यांचा फोन आला: ‘नामांकित विद्यापीठाची ऑनलाइन पदवी, आमच्यामार्फत.’ घ्यावी का?

आधी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं आणि त्याच अभ्यासक्रमाचं नाव चालू सत्रासाठी आहे का ते पाहा. विद्यापीठ मान्यताप्राप्त असलं तरी तो अभ्यासक्रम ऑनलाइन द्यायची परवानगी त्याला असेलच असं नाही. ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी फ्रँचायझी पद्धतीने एडटेक कंपन्यांमार्फत देता येणार नाही, असा इशारा आयोगाने जानेवारी 2022 मध्ये दिला आहे. प्रवेश आणि फी थेट विद्यापीठाच्याच संकेतस्थळावर भरायची. फोनवरचा माणूस ‘आजच भरा’ म्हणत असेल तर नक्कीच थांबा. कर्जाचा हप्ता जोडलेला असेल तर दुप्पट थांबा. नोकरी करत पदवी हवी असेल, तर 1989 पासून नाशिकहून चालणारं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आधी पाहा.

परीक्षेची फी भरली, खात्यातून पैसे गेले, पोर्टलवर मात्र ‘पेंडिंग’. पुन्हा भरू का?

लगेच भरू नका. पैसा तुमच्या बँकेतून निघतो, पेमेंट गेटवेकडे जातो, आणि गेटवे पोर्टलला ‘मिळाले’ असा निरोप देतो. हा शेवटचा निरोप मुदतीच्या दिवशी, गर्दीत, हरवतो. मग दोन शक्यता उरतात.

पैसे कॉलेजपर्यंत पोहोचलेच नसतील तर ते परत येतात. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार दुकानदार किंवा संस्थेला केलेला यूपीआय व्यवहार असा अडकला तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी, नाहीतर दिवसाला 100 रुपये भरपाई. दुसरी शक्यता अशी की पैसे कॉलेजच्या खात्यात पोहोचलेत, फक्त पोर्टलला कळलं नाही. ते परत येणार नाहीत. लेखा विभागाने जुळवणी करून तुमची फी ‘भरली’ अशी करावी लागते.

दोन्ही वेळा तुमच्याकडे हवा तो यूपीआयचा 12 अंकी संदर्भ क्रमांक, तारीख, रक्कम आणि पीआरएन (विद्यापीठाने दिलेला तुमचा कायम नोंदणी क्रमांक). हे चारही एका ईमेलमध्ये लिहून कॉलेजच्या लेखा विभागाला पाठवा. नुसतं ‘सर, माझे पैसे कट झाले’ असा व्हॉट्सॲप मेसेज पुरत नाही, कारण त्यावरून व्यवहार शोधता येत नाही. उद्या शेवटची तारीख असेल तर प्रत्यक्ष खिडकीवर जा आणि फॉर्म तात्पुरता स्वीकारल्याची सही घ्या. आणि शक्य असेल तर शेवटच्या दोन दिवसांवर काही ठेवू नका.

पोर्टलवर हजेरी कमी दिसते. मी तर वर्गात होतो.

महिनाअखेरीला बघा, सत्राअखेरीला नको. तारीख आणि तासिका लिहून विषय शिक्षकांना भेटा. नोंद त्यांच्या लॉगिनमधूनच बदलते, मदत-कक्षातून बदलता येत नाही. एनसीसी, क्रीडा, युवा महोत्सवाला गेला असाल तर त्याचं पत्र परतल्यावर लगेच द्या.

फॉर्म सायबर कॅफेतून भरतो. त्यात काही धोका आहे का?

गावाकडच्या मुलांना दुसरा मार्ग नसतो हे मला माहीत आहे, आणि बरेच कॅफेवाले जीव लावून मदत करतात. तरी एक गोष्ट पाळाच: फॉर्मवर मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच. घाईत कॅफेवाला स्वतःचा ईमेल टाकतो, पासवर्ड त्याच्या वहीत राहतो. मग दोन वर्षांनी पासवर्ड बदलायचा तर ओटीपी त्याच्या फोनवर जातो, आणि तोवर दुकान बंद झालेलं असतं. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीत हे झालं तर खरंच पैसे अडकतात.

अनेक पोर्टलांवर पहिला पासवर्ड म्हणजे जन्मतारीख असते. तो त्याच दिवशी बदला. तुमचा पीआरएन आणि जन्मतारीख वर्गातल्या निम्म्या लोकांना माहीत असते. उतरवलेल्या मार्कशीट, आधार, जातीचा दाखला कॅफेच्या संगणकावरून पुसून, लॉगआउट करून उठा.

महाडीबीटीचा फॉर्म भरला. आता कॉलेजच्या पोर्टलवर काही करायचं का?

पोर्टलवर नाही, पण ऑफिसात हो. तुमचा अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनमध्ये पडताळणीला येतो आणि तिथून पुढे सरकतो. तो कॉलेजच्या पायरीवरच अडकलाय का, हे ‘स्थिती’मध्ये दिसतं. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. पुढच्या वर्षी नूतनीकरण पुन्हा करायचं असतं.

मराठीतून काही आहे का? आणि नेट नीट नसेल तर?

आहे, पण हवं तितकं नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात प्रोग्रॅमिंग, लिबरऑफिस, लिनक्स असे विषय मराठी आवाजात आहेत. धडे साधारण दहा मिनिटांचे, शेजारी सॉफ्टवेअर उघडून हाताने करत शिकायचे, आणि उतरवून ठेवले की नेटशिवाय चालतात. एनपीटीईएलनेही बऱ्याच व्याख्यानांचा मजकूर मराठीत आणला आहे. स्वयमप्रभा वाहिन्या डीटीएचवर मोफत दिसतात, त्यांना तर नेटच लागत नाही. संज्ञा इंग्रजीत राहू द्या, संकल्पना मराठीतून समजून घ्या. परीक्षेत दोन्ही उपयोगी पडतं.

कॉलेज नवं पोर्टल घेतंय. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून बैठकीत काय विचारू?

फार चांगलं विचारलंत, कारण ही बैठक हुकली की पुढची पाच वर्षं सगळे तेच सॉफ्टवेअर ओढतात.

पहिलं, आमची जुनी माहिती नव्यात कोण आणणार आणि कोण तपासणार? दुसरं, कंपनीशी करार संपला तर सगळ्या नोंदी कॉलेजला वाचता येतील अशा स्वरूपात परत मिळणार का? करारात हे कलम नसेल तर कॉलेज त्या कंपनीत अडकतं. तिसरं, साध्या फोनवर चालतं का? विक्रेत्याचं सादरीकरण नेहमी लॅपटॉपवर असतं आणि विद्यार्थी फॉर्म भरतात ते पाच हजारांच्या फोनवर. बैठकीतच स्वतःच्या फोनवर उघडून दाखवायला सांगा. चौथं, मूडलमधले अंतर्गत गुण यात थेट येतील की पुन्हा हाताने भरायचे? हाताने भरायचे असतील तर चुका ठरलेल्या. पाचवं, तक्रार केली की तिचा क्रमांक मिळतो का?

आणि सर्वांत महत्त्वाचं: आधी एका विभागात एक सत्र चालवून पाहा असा आग्रह धरा. मुंबई विद्यापीठाने 2017 च्या उन्हाळी परीक्षांना एकदम सगळीकडे संगणकावर उत्तरपत्रिका तपासणी लागू केली. लाखो उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, प्राध्यापकांचं प्रशिक्षण अपुरं. निकाल महिनोन्‌महिने रखडले, पुढच्या प्रवेशांसाठी निकालाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्यांची वर्षं पणाला लागली, आणि ऑक्टोबर 2017 मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. संगणकावर तपासणी ही कल्पना चुकीची नव्हती. छोट्या प्रमाणावर चाचणी झाली असती तर उणिवा मुलांच्या निकालाआधी दिसल्या असत्या.

कॉलेज संपल्यावर लॉगिन किती दिवस चालतं?

प्रत्येक कॉलेजचं वेगळं. कॉलेजचा ईमेल बंद झाला की क्लासरूम आणि त्या खात्याचा ड्राइव्हही जातो. म्हणून शेवटच्या परीक्षेच्या आठवड्यात गूगलच्या ‘टेकआउट’मधून सगळ्या फाइल उतरवून घ्या आणि मूडलमधले प्रकल्प, शेरे वेगळे ठेवा. पोर्टलवरून सर्व सत्रांच्या मार्कशीट, फीच्या पावत्या आणि हॉल तिकिटं उतरवा. डिजिलॉकर, एबीसी, लिंक्डइन, बँक अशा ठिकाणी कॉलेजचा ईमेल दिला असेल तर तो आत्ताच बदला. परदेशी अर्ज करायचा विचार असेल तर ट्रान्सक्रिप्ट (सर्व सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा) दोन-तीन जादा प्रतींसह, सीलबंद लिफाफ्यात मागवा. पदवी घेऊन गाव सोडल्यावर त्यासाठी पुन्हा ऑफिसच्या खेपा घालाव्या लागतात.